माऊथपीसवरची खाच

४ जानेवारी

बँडवाले काका,
नमस्कार.

हे पत्र तुम्हाला मिळेल की नाही, मला काहीच कल्पना नाही. पाकिटावर फक्त दुकानाचं नाव, गल्ली आणि शहर लिहिलंय, कारण माझ्याकडे तेवढंच आहे. तेही मला एका वस्तूवर कोरलेलं मिळालं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "ना माणसाचं नाव, ना घर नंबर. कुणाला द्यायचं हे?" मी म्हटलं, जे कोणी दुकानात बसलेलं असेल त्याला.

मी पाणीपुरवठ्याच्या कामावर ज्युनिअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे जुन्या हॉस्पिटलच्या मागे नवीन पाइपलाइनसाठी चर खणायचं काम चालू आहे. परवा मातीत एक काळीठिक्कर, नरसाळ्यासारखी छोटी वस्तू निघाली. मुकादम म्हणाले, "साहेब, कुठल्यातरी नळाचं तोंड असेल, टाका भंगारात." आता, ऑफिसात मला सगळे 'भंगारवाला' म्हणतात. जुने बोल्ट, बटणं, काडतुसाच्या टोप्या, जे सापडेल ते माझ्या ड्रॉवरमध्ये जातं. त्यामुळे मी ती वस्तू नळाखाली धुतली आणि, का कोण जाणे, फुंकून पाहिली. जो काही आवाज निघाला तो ऐकून साइटवर झोपलेलं कुत्रं उठून चालायला लागलं. तेव्हा कळलं की हे नळाचं तोंड नाही, हे वाजवायचं काहीतरी आहे.

मग मी ती आमच्या इथल्या छोट्या म्युझियममध्ये नेली. तिथल्या मॅडमनी सांगितलं की हा ट्रंपेटचा माऊथपीस आहे, पितळेचा, वर चांदीचं पाणी. आणि युद्धात ते हॉस्पिटल सैन्याकडे होतं. पलटणीतले बँडवाले लढाई सुरू झाली की वाद्यं पेटीत टाकून स्ट्रेचर उचलायचे. मला हे अजिबात माहीत नव्हतं. मी त्या रात्री घरी सगळ्यांना हेच सांगत होतो. शेवटी ताई म्हणाली, आता जेव.

तर काका, प्रश्न असा आहे: तुमच्याकडचं कुणी युद्धावर गेलं होतं का? असेल तर ही वस्तू तुमची आहे. खोटं कशाला बोलू, मला ती ठेवून घ्यावीशी खूप वाटते. पण ती माझी नाही.

सोबत फोटो आहे. कोरलेलं नाव नीट दिसावं म्हणून बाजूने काढलाय. वरच्या कडेला एक खाच दिसेल, ती बहुतेक आमच्या फावड्याने पडली. त्याबद्दल खरंच सॉरी.

आपला,
एक भंगारवाला

---

१७ जानेवारी

चिरंजीव भंगारवाल्यास,
अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट, मी काका नाही. बँडमास्तर म्हटलं की लोक मिशाच धरून चालतात, त्यात तुझी चूक नाही. मावशी म्हण.

पत्र मिळालं. दुकान आहे तिथेच आहे, फक्त शेजारचा सायकलवाला जाऊन आता तिथे दातांचे डॉक्टर आलेत. भिंत एकच. त्यांचं मशीन आम्ही ऐकतो, आमची प्रॅक्टिस ते ऐकतात. पोस्टमन तुझं पाकीट घेऊन आला तेव्हा म्हणाला, "मावशी, प्रेमपत्र आहे वाटतं, नावच नाही." मी पाकिटातून फोटो बाहेर काढला आणि खुर्चीवर बसले. ढोलवाले दादा पाणी घेऊन आले. ते आमच्याकडचे सर्वांत जुने, पण मला असं बसलेलं त्यांनीही पाहिलं नव्हतं.

बाळा, ती खाच तुझ्या फावड्याची नाही. ती माझ्या आजोबांच्या कानशीची आहे.

आमच्या घरात पद्धत अशी, की शिकायला आलेल्याला कोरा माऊथपीस मिळतो. गोल वस्तू, ती कशीही बसते. पण माणसाचे ओठ गोल नसतात, दात सरळ नसतात. वाजवून वाजवून त्याचं तोंड त्या धातूवर एका जागी बसायला लागतं. मास्तर ते बघत असतो. बसलं असं वाटलं, की तो कानस घेतो आणि कडेला एक खाच घालतो. त्यानंतर जन्मभर खाच वर धरून वाजवायचं, म्हणजे रोज ओठाला तीच जागा मिळते. ज्याला खाच मिळाली तो वाजवणारा झाला. आमच्याकडे दुसरं सर्टिफिकेट नाही.

या दुकानातून युद्धावर एकच माणूस गेला. माझे वडील. मी तेव्हा आईच्या पोटात होते. नंतर कागद आला, बेपत्ता. त्यानंतर बऱ्याच काळाने त्यांची पेटी आली. कपडे होते, दाढीचं सामान होतं, ट्रंपेट होतं. माऊथपीस नव्हता. ते ट्रंपेट तेव्हापासून दुकानात खिळ्यावर आहे, तोंडाशिवाय. माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, म्हणायचे, हरवला असेल. आई म्हणायची, बँडवाला माऊथपीस खिशात ठेवतो, अंगाच्या उबेला. गार धातू ओठाला चालत नाही. म्हणजे तो त्यांच्या खिशात होता. हॉस्पिटलपर्यंत होता. ते तिथे कुणाला घेऊन आले होते की कुणी त्यांना आणलं होतं, हे आता कळायचं नाही. पण रस्त्यात कुठे पडला नाही, फेकला नाही, एवढं तुझ्यामुळे कळलं. त्याचे उपकार कसे मानू, मला लिहिता येत नाही. वाजवता येईल कदाचित.

वस्तू जशी आहे तशी पाठव. त्याच्या कडेवर मला एक गोष्ट बघायची आहे. काय ते आत्ता लिहीत नाही.

तू फोन नंबर लिहायला विसरलास. बरंच झालं. मला फोनवर धड ऐकू येत नाही, जन्मभर ढोलाशेजारी उभं राहिल्याचं बक्षीस. पत्रच लिही.

तुझी,
मावशी

---

१९ जानेवारी

बँडवाले काका,

अजून तुमचं उत्तर नाही आलं, पण मला राहवत नाहीये. आणि एक सरप्राइज आहे.

मी विचार केला, समजा तुम्ही आहात. समजा तुमच्याच घरातली ही वस्तू आहे. मग इतक्या वर्षांनी ती अशी काळी-हिरवी होऊन तुमच्याकडे यावी का? मला ते पटेना. आमच्या बाजारात एक पॉलिशवाले आहेत. दाराच्या कड्या, शाळेचे कप, असलं सगळं चमकवतात. आज त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "सोपं आहे. आधी चाकावर घासून काढू. ही खाच भरून टाकू, दिसणारसुद्धा नाही. कडेवर एका ठिकाणी चांदी पार उडालीय बघा, खालचं पितळ दिसतंय. चांदीचं पाणी चढवलं की तेही झाकलं जाईल. नवा कोरा करून देतो."

नवा कोरा, काका. तुम्ही डबी उघडाल तेव्हा त्यात तोंड बघता येईल. त्यांच्याकडे कामाची गर्दी आहे, म्हणाले चार-पाच दिवसांत हात लावतो. माझ्याकडून ही तुम्हाला भेट समजा. ताई म्हणते आधी विचारायला हवं होतंस. पण विचारलं तर सरप्राइज कसलं?

आपला,
भंगारवाला

---

२४ जानेवारी

बाळा,

थांबव त्यांना.

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत त्यांचं काम झालेलं असेल, कळतंय मला. पहिलं पत्र तुला वेळेत मिळालं असलं तर देव पावला. नसलं तर कुणाचा दोष नाही. तरी लिहिते, कारण ती गोष्ट काय ते मी उगाच झाकून ठेवलं. तेव्हाच लिहायला हवं होतं.

मी ट्रंपेट वाकडं धरते. म्हणजे ओठांच्या मधोमध नाही, डाव्या अंगाला. लहानपणापासून. मला शिकवलं काकांनी. वडिलांच्या मागे दुकान, आम्ही, सगळं त्यांनीच ओढलं, आणि मुलीच्या हातात ट्रंपेट द्यायला त्या काळात दुसरं कुणी तयार झालं नसतं, हेही खरं. पण माझं तोंड बघितलं की त्यांचं डोकं फिरायचं. "मध्ये धर, मध्ये. वाकडी कुठली." ते नावच पडलं. अख्ख्या गल्लीत मी वाकडी. अजूनही जुनी माणसं म्हणतात, "वाकडी आहे का दुकानात?"

एकदा असंच ओरडा खाऊन मी रडत घरी गेले. आई भाकरी थापत होती. मागे न बघता म्हणाली, "तुझे बाबा अस्सेच धरायचे. डावीकडे." मी उड्या मारत जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, "दादा सरळ वाजवायचा. वहिनी तुझी समजूत काढतेय." मी परत आईला विचारलं. तिने पुढची भाकरी थापायला घेतली. तिने परत कधी तो विषय काढलाच नाही.

मग खरं काय? वडिलांचा एकच फोटो आहे, त्यात ट्रंपेट काखेत. त्यांना वाजवताना पाहिलेलं आता कुणी उरलं नाही. आई गेली, काका गेले. मी इतकी वर्षं हेच धरून चालले, की आईने लेकराचे डोळे पुसायला एक थाप मारली. मारू दे. पण मला वडिलांकडून आलेली ती एकच गोष्ट होती, बाळा. दुसरी कुठली नाही.

आणि काकांनी मला खाच घातली नाही. "तोंड सरळ कर, मग घालू." मी सरळ झाले नाही, ते बधले नाहीत. त्यांच्यानंतर दुकान माझ्याकडे आलं. शिकायला आलेल्या कितीतरी पोरांना मी खाचा घातल्या. माझा माऊथपीस अजून कोरा आहे. आपली आपण घालायची नसते.

चांदी उडते ती ओठ जिथे दाबला जातो तिथे. खाच वर धरली आणि चांदी डावीकडे उडालेली दिसली, तर आई खरं बोलत होती. हे सांगणारी एकच वस्तू जगात उरली होती, आणि ती आज पॉलिशवाल्याकडे आहे.

मी रागावलेले नाही. हे नीट वाच. तू ती भंगारात टाकली असतीस, तर अशी काही वस्तू आहे हेच मला कळलं नसतं. चकचकीत होऊन आली तरी मी ती डोक्याला लावीन. फक्त झालं असेल तर तसं सरळ लिही, गोड करून लिहू नकोस.

मावशी

---

२८ जानेवारी

मावशी,

सांगतो. आधी शेवट सांगतो: खाच आहे. कड जशी होती तशी आहे. आता श्वास घ्या.

तुमचं पहिलं पत्र मला २३ तारखेला जेवणाच्या सुट्टीत मिळालं. 'आजोबांच्या कानशीची' इथपर्यंत वाचलं आणि डबा तसाच टाकून निघालो. साइटचे गमबूट पायात, हेल्मेट डोक्यावर, तसाच सायकलवर. पॉलिशवाल्यांचं चाक चालू होतं. माऊथपीस त्यांच्या चिमट्यात. मी ओरडलो, पण त्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार. मग मला भिंतीवरचं बटण दिसलं, ते मी बंद केलं.

"काय साहेब, आग लागली का?"
"ते घासू नका."
"घासायलाच तर दिलंत."
"आता नाही द्यायचंय."
"अहो, अर्धं झालंय."

मावशी, मी चिमटा त्यांच्या हातातून घेऊन उजेडाला धरला. त्यांनी शेपटीकडून सुरुवात केली होती. मागची दांडी आरशासारखी चकाकत होती. वाटीला आणि कडेला अजून चाक लागलं नव्हतं. खाच भरायचं काम ते नंतर करणार होते. मी त्यांना तुमचं पत्र तिथेच वाचून दाखवलं. त्यांनी त्या खाचेवरून नख फिरवलं. मग म्हणाले, "बघा, मी हिला दोष समजलो." मी म्हटलं, मीपण.

तुमचं दुसरं पत्र आज आलं. चराच्या काठावर बसून वाचलं. मुकादमांनी विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी त्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "टाका भंगारात असं मी म्हटलेलं, ते त्यांना लिहू नका हां." मी म्हटलं, पहिल्याच पत्रात लिहिलंय. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. तुम्ही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहाल का, प्लीज?

आता मेन गोष्ट. चांदी एका ठिकाणी उडालीय, हे पॉलिशवाल्यांनी मला दाखवलं होतं. पण कुठल्या बाजूला, ते मला आठवत नाही. तेव्हा मी डोक्यात नुसता 'नवा कोरा' घेऊन फिरत होतो. आज तुमचं पत्र वाचल्यावर माऊथपीसची डबी समोरच होती. उघडून बघायला एक मिनिट लागलं नसतं. हात डबीपर्यंत गेलाही. पण उघडली नाही. हे पहिल्यांदा मी बघणं बरोबर नाही. तुम्ही बघायचं.

बाबांचे लोकरी मोजे आहेत, त्यात ती पत्र्याची डबी न उघडताच गुंडाळून आजच रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. म्युझियमच्या मॅडमना विचारलं, ठेवायचं होतं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, "काचेत काय करायचंय त्याला, ओठाला लागू दे."

तो अर्धा चकाकतोय, त्याबद्दल सॉरी. आणि ज्याचं सॉरी मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं, ते परत घेतो.

तुमचा,
भंगारवाला

---

९ फेब्रुवारी

माझ्या बाळा,

डबी पोचली. तुझ्या बाबांचे मोजेही पोचले, ते धुऊन परत पाठवतेय, त्यांना थंडी वाजत असेल.

मला एकटीने उघडायची होती. पण आमच्याकडे एकटं असं काही होत नाही. पोस्टमन सही घेऊन जागचा हलेना. ढोलवाले दादा स्टूल ओढून बसले. दातांचे डॉक्टर पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून इकडे आले आणि म्हणाले, "तोंडाचा विषय आहे, मी लागेनच."

मी बघितलं नाही. डोळे मिटले, खाचेवर अंगठा ठेवला आणि उजवीकडून फिरवत आले. कड गुळगुळीत. खाली आले, गुळगुळीत. डावीकडून वर यायला लागले, आणि तिथे चांदी संपली. अगदी बारीक पायरी लागते बोटाला. पुढे पितळ, थोडं दबलेलं. माझ्या माऊथपीसवर, खाच नसली तरी कोरलेलं नाव वर धरून मी जिथे झिजवलंय, तिथेच. मी तिथे अंगठा ठेवून बसले.

दादा म्हणाले, "काय गं? काय निघालं?"
मी म्हटलं, "आई थाप मारत नव्हती."

त्यांना काही कळलं नाही. मग सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा वर करून कड बघितली आणि एकदम कोर्टात सांगावं तसं सांगितलं, "डावीकडेच." त्यांच्या पेशंटने आतून तोंड उघडं ठेवूनच विचारलं, झालं का. 

खिळ्यावरचं ट्रंपेट उतरवलं. बटणं गंजून बसलीयत, एकही दबत नाही. बटणांशिवाय फार थोडे सूर निघतात, पण निघतात. माऊथपीस थोडा वेळ मुठीत धरून गरम केला. खाच वर घेतली. ओठाला लावला, आणि बाळा, मला तो बसवावा लागला नाही. त्या पितळावर माझा ओठ असा गेला, जसं अंधारात आपल्याच घराच्या कडीवर हात जावा. जन्मभर मला कुणी ना कुणी सरळ करत आलंय. माझी जागा आधीच कुणीतरी झिजवून ठेवली होती.

जे थोडे सूर निघाले ते वाजवले. चांगलं वाजलं असं नाही म्हणणार. डॉक्टरांचं मशीन मात्र तेवढा वेळ बंद होतं.

काकांवर मी रागावू शकत नाही, प्रयत्न करून बघितला. त्यांचा दादा, म्हणजे माझे बाबा, युद्धावर गेला तेव्हा ते शाळेत होते. एकुलता एक भाऊ, परत आला नाही. आठवून आठवून त्यांनी तो सरळ करून टाकला असणार. तूसुद्धा चकचकीत करायलाच निघाला होतास ना? मायेनेच.

आता माझ्या कोऱ्या माऊथपीसचं ऐक. आपली खाच आपण घालायची नसते, हे मी तुला लिहिलं होतं. पण काल बाबांचा आणि माझा असे दोन्ही शेजारी ठेवले, झिजलेली जागा जुळवली आणि दादांना म्हटलं, घट्ट धरा. कानस मी चालवली, पण माप बाबांचं होतं. तेव्हा ती त्यांनी घातली असं मी धरते. दादा म्हणाले, "आता झालीस का वाजवणारी?" मी म्हटलं, बघू, आत्ताच तर मिळाली.

अर्ध्या चकाकीचं सॉरी म्हणू नकोस. दांडी ट्रंपेटच्या आत जाते, वेड्या. कुणाला दिसत नाही. बाहेर बाबा आहेत, आत तू आहेस. मला हे असंच हवं होतं असं आता वाटायला लागलंय.

मुकादमांना सांग, वस्तू बाहेर काढणारं फावडं त्यांच्या माणसांचं होतं. मावशीने दोन्ही हात जोडलेत. पॉलिशवाल्यांनाही. आणि म्युझियमच्या मॅडमना.

तुला काय द्यायचं, हे ठरवायलाच मला वेळ लागला. मोज्यांत बघ, एक माऊथपीस आहे. कोरा आहे, मुद्दाम. तिकडे कुणाकडून तरी जुनं ट्रंपेट मिळव आणि रोज थोडं फुंक. आधी त्या कुत्र्याची माफी माग. वर्षभराने इकडे ये, मला वाजवून दाखव, तुझं तोंड कुठे बसतंय ते बघू. मग कानस घेऊ.

तोवर कुणी सरळ करायला आलं, तर ऐकू नकोस.

तुझी,
वाकडी मावशी